लाईट लुकलुकली आणि स्विचांची सेटिंग्ज गेली : बॅकअप-रिस्टोअरची स्क्रिप्ट

मांजराकाठ (लातूर, नोकरीला पुण्यात) · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या गुरुवारी लातूरच्या घरी जे झालं ते आधी सांगतो, मग स्क्रिप्टकडे येतो. लांबेल थोडं.

घरी आई आणि आप्पा दोघंच असतात. तीन वर्षांत थोडे थोडे करत मी घरात अकरा स्मार्ट स्विच बसवलेत. सात टास्मोटावर (स्विचात घालायचं मोफत सॉफ्टवेअर) चालतात, चार शेली कंपनीचे, दुसऱ्या पिढीचे. माळ्यावर एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक, पुढे नुसतं 'पाय') आहे, त्याच्यावर घर सांभाळणारं होम असिस्टंट आणि स्विचांचे निरोप पोचवणाऱ्या एमक्यूटीटीसाठी मॉस्किटो. यात जीव अडकलाय तो बोअरच्या मोटरीच्या स्विचात. सोनॉफ बेसिक आहे, त्यावर टास्मोटाच, मोटरीला थेट जोडलेला नाही, कॉन्टॅक्टरच्या (मोटरीचा भार पेलणारा मोठा स्विच) कॉइलला जोडलाय. त्यात पल्सटाइम (किती वेळाने आपोआप बंद व्हायचं ते सेटिंग) १९०० दिलेला. टास्मोटात ११२ च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे १८०० सेकंद. मोटर चालू केली की अर्ध्या तासाने आपोआप बंद. वायफाय असो नसो, पाय चालू असो नसो. आमची वरची टाकी तेवढ्यात भरते.

गुरुवारी संध्याकाळी वारं सुटलं. आईचा फोन आला, "लाईट नुसती लुकलुक करायलीय, टीव्ही बंद करून ठेवलाय." थोड्या वेळाने लाईट टिकली. आप्पांनी रोजच्यासारखं स्विचचं बटण दाबलं, मोटरीचा आवाज ऐकला आणि देवळात गेले. मोटर बंद झालीच नाही. टाकी भरून दीड तास पाणी गच्चीवरून गल्लीत वाहत होतं. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा आईला कळलं.

लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत मी स्वतः घागर घेऊन उभा राहिलोय. बोअरचं पाणी दीड तास रस्त्यावर गेलं म्हटल्यावर आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. मला काही बोलले नाहीत, पण आईने सांगितलं.

शुक्रवारी लातूरला जाऊन पाहिलं तर सातपैकी चार टास्मोटा कोरे झालेले. नाव, नियम, टायमर, वायफायचा पासवर्ड, काहीच शिल्लक नाही. कोरा टास्मोटा स्वतःला सोनॉफ बेसिक समजतो आणि आमचा नेमका तोच आहे, म्हणून बटण चाललं, रिले (आतला विजेचा स्विच) चालू झाला. पल्सटाइम मात्र शून्यावर गेला होता.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. माझ्याकडे बॅकअपची स्क्रिप्ट आठ महिन्यांपासून होती. रोज रात्री अडीचला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी पायवरची सोय) चालायची. तारखेचे फोल्डर व्यवस्थित बनत होते. उघडून पाहिलं तर मोटरीच्या स्विचची जूनपासूनची प्रत्येक फाइल शून्य बाईट. जूनमध्ये मी त्या स्विचचा वेब पासवर्ड बदलला होता, स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला. कर्ल (स्विचकडे फाइल मागणारी कमांड) रोज जायचा, स्विच रोज नाही म्हणायचा, आणि स्क्रिप्ट रोज रिकामी फाइल नीट नाव देऊन ठेवायची.

शनिवार-रविवार बसून स्क्रिप्ट नव्याने लिहिली. रचना अशी :

एक साधी यादीची फाइल. एका ओळीत एक स्विच : नाव, आयपी, जात, कोणत्या खोलीत, कोणत्या लाईनवर. राउटरमध्ये प्रत्येक स्विचच्या मॅक पत्त्याला (यंत्राचा स्वतःचा कायमचा क्रमांक) आयपी बांधून ठेवलाय, त्यामुळे आयपी बदलत नाही.

टास्मोटासाठी कर्ल स्विचच्या पत्त्यापुढे स्लॅश डीएल लावून मागणी करतो. वेब पेजवरच्या 'बॅकअप कॉन्फिगरेशन' बटणाने मिळते तीच डीएमपी फाइल येते. कर्लला आता फेल हा पर्याय (नकार आला तर चूक धरायची) आणि १० सेकंदांची मुदत दिलीय. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरते. चार हजार बाईटच्या वर असेल तरच तिला तारखेचं नाव मिळतं, नाहीतर टेलिग्रामवर मला निरोप येतो, 'मोटर : बॅकअप नाही'. सोबत स्विचची सगळी स्थिती सांगणाऱ्या स्टेटस ० कमांडचं उत्तर जेसनमध्ये (वाचता येणारा मजकूर) ठेवतो, कारण डीएमपी उघडून माणसाला काही कळत नाही.

शेलीसाठी शेली-गेटकॉन्फिग कमांडने सेटिंग्ज मागवतो. ते सगळं जेसनच असतं.

जेसन फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदून ठेवणारं साधन) टाकतो. कोणत्या तारखेला कोणतं सेटिंग बदललं ते ओळ न् ओळ दिसतं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, लाईट गेल्या-आल्याने सेटिंग्ज पुसली जातात का? इतकी वर्षं भारनियमनात असं कधी झालं नव्हतं. दोन, रिस्टोअरही स्क्रिप्टनेच करायचं म्हटलं तर काय काय सांभाळावं?

---

दुधना (परतूर) · रविवार, रात्री १०:२५

भाऊ, पहिल्याचं उत्तर नक्की माहितीय. मीही यातून गेलोय.

टास्मोटात अडकलेल्या माणसासाठी एक सोय ठेवलीय. स्विचची लाईट सहा वेळा चालू-बंद केली, दर वेळी १० सेकंदांच्या आत, आणि सातव्यांदा चालू ठेवली की तो सगळी सेटिंग्ज पुसून मूळ अवस्थेत जातो. पासवर्ड विसरला, वायफाय बदललं, स्विच भिंतीत गाडलेला आहे, अशा वेळी ही सोय फार कामाची. पण स्विचला काय कळणार की हे माणूस करतोय का तारेवरचा सैल जंपर? नुसतं भारनियमन असेल तर लाईट एकदा जाते, तासांनी येते. तुमच्याकडे ती लुकलुकली, म्हणून गणती पूर्ण झाली.

बंद करायची कमांड : सेटऑप्शन६५ ला १ द्या. टास्मोटाच्या दस्तऐवजातच लिहिलंय की जिथे लाईट अशी येते-जाते तिथे हे बंद ठेवा. आपल्याकडे सगळ्यांनीच ठेवावं असं माझं मत.

चारच का गेले ते पण तपासा. माझा अंदाज, ते चार इन्व्हर्टरच्या लाईनवर नसतील.

---

मांजराकाठ · रविवार, रात्री १०:५२

दादा, अगदी बरोबर. यादीतला लाईनचा रकाना पाहिला. कोरे झालेले चारही मेन लाईनवर : मोटर, गीझर, गच्चीचा दिवा, जिन्याचा दिवा. वाचलेले तिन्ही इन्व्हर्टरवर. शेलीचे दोन मेनवर होते, त्यांना काही झालं नाही.

हा रकाना मी फक्त इन्व्हर्टरवर किती भार पडतो ते मोजायला ठेवला होता. आत्ताच सातही ठिकाणी सेटऑप्शन६५ केलं.

---

तेरणा (धाराशिव) · सोमवार, सकाळी ७:१५

मी वायरिंगची कामं करतो, संगणकातलं फार कळत नाही. पण मोटरीबद्दल बोलतो, राग मानू नका.

मोटर बंद होणं हे सेटिंगवर सोडायचंच नाही. टाकीत फ्लोट स्विच टाका आणि त्याची वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मालिकेत घ्या. टाकी भरली की फ्लोट वर येतो, कॉइलची लाईट तुटते, मोटर बंद. तुमचा स्विच कोरा असो की जळालेला असो. बोअर आटतो त्यासाठी ड्राय रनचं रिले वेगळं. उन्हाळ्यात आपल्याकडे मोटरी जास्त करून कोरड्या चालूनच जळतात, टाकी भरून नाही.

स्मार्ट स्विच बसवा, बॅकअप घ्या, सगळं करा. पण हे दोन आधी.

---

मांजराकाठ · सोमवार, सकाळी ८:०५

राग कसला काका. हे तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फ्लोट या शनिवारी बसवतो. कॉइल २३० व्होल्टची आहे, फ्लोटची वायर टाकीपर्यंत तशीच न्यायची का?

---

तेरणा · सोमवार, दुपारी १:३०

न्यायची नाही. पाण्याच्या टाकीत २३० व्होल्ट कशाला? मध्ये एक छोटं रिले आणि १२ किंवा २४ व्होल्टचा सप्लाय घ्या, टाकीकडे कमी व्होल्टचीच वायर जाऊ द्या. आणि मोटरीच्या बोर्डला अर्थिंग आहे का ते आधी पाहा. ओल्या जागेचं काम आहे, जवळचा वायरमन सोबत घ्या, एकट्याने करू नका.

---

पूर्णा (परभणी) · सोमवार, रात्री ९:१०

मी शिक्षिका आहे, स्क्रिप्ट वगैरे आता शिकतेय. माझ्याकडे एका कंपनीचे सहा वायफाय प्लग आहेत, सगळं त्यांच्या मोबाइल ॲपमधून चालतं. मे महिन्यात राउटर बदलला तर सहाच्या सहा पुन्हा जोडावे लागले, वेळापत्रकं पुन्हा भरावी लागली. सासूबाईंच्या नेब्युलायझरचा प्लग आहे त्यात, तो वेळेवर सुरू झाला नाही म्हणून त्या दिवशी फार धावपळ झाली. यांचा बॅकअप घेता येतो का?

---

दुधना · सोमवार, रात्री ९:४८

ताई, त्या प्लगची वेळापत्रकं बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असतात, तुमच्या हातात फाइल म्हणून येत नाहीत. काही जातींना घरातल्या नेटवर्कवरून बोलता येतं, पण त्यासाठी लागणारी किल्ली प्लग पुन्हा जोडला की बदलते. म्हणजे स्क्रिप्ट पुन्हा तिथेच अडते.

दोन उपाय सांगतो. नवीन राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच. प्लगना राउटर बदलल्याचं कळतच नाही, जोडायची वेळ येत नाही. ही एक गोष्ट मे महिन्यात केली असती तर तुमचा दिवस वाचला असता. दुसरं, प्रत्येक प्लगच्या वेळापत्रकाचे स्क्रीनशॉट काढून वहीत चिकटवा. बॅकअप म्हणायला साधा आहे, पण वेळेला चालतो.

आणि आजारी माणसाचं यंत्र प्लगच्या वेळापत्रकावर ठेवू नका, ही कळकळीची विनंती. घड्याळाचा गजर लावा, बटण माणसाने दाबावं.

---

पूर्णा · सोमवार, रात्री १०:०२

यंत्राचा प्लग आजच काढला. वायफायच्या नावाची गोष्ट खरंच कुणी सांगितली नव्हती. धन्यवाद दादा.

---

गोदातीर (नांदेड) · मंगळवार, सकाळी ११:२०

मांजराकाठ, तुमच्या शेलीच्या बॅकअपमध्ये मोठं भोक आहे. शेली-गेटकॉन्फिग दुसऱ्या पिढीत फक्त घटकांची सेटिंग्ज देतो : स्विच, इनपुट, वायफाय, एमक्यूटीटी वगैरे. वेळापत्रकं त्यात नसतात. ती शेड्यूल-लिस्टने वेगळी मागवावी लागतात. वेबहुक-लिस्ट (काही घडलं की शेली बाहेर पाठवतो त्या निरोपांची यादी) वेगळी. शेलीवरच्या छोट्या स्क्रिप्टचा कोड स्क्रिप्ट-गेटकोडने, तोही मोठा असेल तर तुकड्यांत. केव्हीएसमध्ये (शेलीतली छोटी साठवण) काही साठवलं असेल तर तेही स्वतंत्र.

मी नेमका यातच सापडलो. एक शेली बदलून नवीन बसवला, कॉन्फिग भरली, सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अंगणातल्या नळाचा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. आमच्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा पहाटेच येतं, आणि ते गेलं की पुढची पाळी येईपर्यंत ड्रमवर भागवायचं.

परत भरताना दोन सावधगिऱ्या. वेळापत्रकं टाकण्याआधी शेड्यूल-डिलीटऑल करा, नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की प्रत्येक वेळ दोनदा लागते. एका यंत्रावर २० च वेळापत्रकं मावतात, ती अशीच संपतात. दुसरं, सेटकॉन्फिगच्या उत्तरात रीस्टार्ट हवा का ते येतं. ते खरं आलं तर रीबूट करायला स्क्रिप्टने विसरू नये, नाहीतर सेटिंग भरलं पण लागू झालं नाही असं होतं.

पासवर्ड लावला असेल तर कर्लला डायजेस्ट पर्याय (पासवर्ड उघडा न पाठवता ओळख पटवणं) द्या. नुसतं नाव-पासवर्ड दिलं तर ४०१ (ओळख पटली नाही) येतो. शेली डायजेस्ट एसएचए २५६ वापरतो.

---

मांजराकाठ · मंगळवार, रात्री ११:१५

गोदातीर, ४०१ शीच संध्याकाळपासून झगडत होतो. डायजेस्ट टाकलं आणि एका झटक्यात उत्तर आलं. चारही शेलींची वेळापत्रकं आता वेगळ्या फाइलीत येतात. आईच्या देवघराच्या दिव्याची वेळ त्यातच होती, माझ्या जुन्या बॅकअपमध्ये ती कुठेच नव्हती.

---

बालाघाट (अंबाजोगाई) · बुधवार, सकाळी ९:३५

गिटचं वाचून एक धोक्याची सूचना. टास्मोटाच्या डीएमपीत वायफायचा आणि एमक्यूटीटीचा पासवर्ड असतो. फाइल गिचमिड दिसते म्हणून ती सुरक्षित आहे असं समजू नका. प्रत्येक बाईटला एका ठरलेल्या आकड्याने उलटसुलट केलंय इतकंच, कुणीही ते सोडवू शकतं. गिट घरच्या पायवर असेल तर हरकत नाही, पण ते कुठल्याही उघड्या जागी ढकलू नका. बाहेर प्रत ठेवायची तर आधी जीपीजीने (फाइल कूटबद्ध करणारं साधन) कुलूप लावा, मग पाठवा. कुलपाचा पासवर्ड त्याच पायवर ठेवू नका.

पायचं मेमरी कार्डच गेलं तर? आमच्याकडे दोन उन्हाळ्यांत दोन कार्डं गेली. बॅकअप त्याच कार्डावर असेल तर स्विच आणि बॅकअप दोन्ही एकदमच जातात. मी पेनड्राइव्हवर आणि बहिणीच्या घरच्या संगणकावर अशा दोन जागी ठेवतो.

---

दुधना · बुधवार, दुपारी ४:०५

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रिस्टोअर करताना एक चूक मी केली, ती कुणी करू नये.

गेल्या वर्षी मृगाच्या पावसात शेजारच्या झाडावर वीज पडली, माझा वीज मोजणारा एक प्लग जळाला. त्याच जातीचा नवा आणला, जुन्याची डीएमपी जशीच्या तशी भरली. पाच मिनिटांत सगळं आलं, मी खूश. मग पाहतो तर व्होल्टेज २१८ दाखवतोय, मल्टिमीटरवर २४१. पंधरा दिवस मला वाटत होतं आमच्या गल्लीत व्होल्टेज पडलंय. कारण असं की मोजमाप जुळवण्याचे आकडे प्रत्येक चिपचे वेगळे असतात, आणि तेही डीएमपीत येतात. जुन्या चिपचे आकडे नव्या चिपने धरले. व्होल्टेज कमी झालं की फ्रिज बंद करायचा असा नियम मी त्याच प्लगवर ठेवला होता, तो दिवसातून चारदा फ्रिज बंद करायचा.

म्हणून त्याच यंत्रावर परत भरायचं असेल तर डीएमपी पूर्ण भरा. नव्या यंत्रावर भरायचं असेल तर निवडून भरा. त्यासाठी डीकोड-कॉन्फिग नावाचं पायथनचं साधन आहे, टास्मोटावाल्यांचंच. ते डीएमपीचं जेसन करून देतं आणि जेसनमधला काही भागच परत भरायची मुभा देतं. मोजमापाचे आकडे काढून टाका, बाकीचं भरा. नंतर मल्टिमीटर लावून व्होल्टेजसेटने नवे आकडे द्या.

आणि फर्मवेअर (स्विचातलं सॉफ्टवेअर). नव्या आवृत्तीची डीएमपी जुन्या आवृत्तीवर भरू नका. नवव्या आवृत्तीत पिनांचे क्रमांकच बदललेत. फाइलीच्या नावात आवृत्ती येते, ती पुसू नका.

---

गोदातीर · बुधवार, संध्याकाळी ६:४०

दुधना दादांना अनुमोदन. झिगबीवाल्यांसाठी (वायफायऐवजी वापरतात ती बिनतारी पद्धत) थोडक्यात : झिगबी२एमक्यूटीटी वापरत असाल तर कॉन्फिगरेशनची फाइल, डेटाबेसची फाइल आणि कोऑर्डिनेटर बॅकअपची जेसन, तिन्ही ठेवा. नेटवर्कची किल्ली त्यातच असते. ती नसेल तर झिगबीचा डोंगल (संगणकाला लावायचा कोऑर्डिनेटर) गेल्यावर घरभर फिरून प्रत्येक सेन्सरचं बटण पुन्हा दाबत बसावं लागतं.

---

मांजराकाठ · रविवार, संध्याकाळी ५:२०

शनिवारी लातूरला आलो. तुमच्या सगळ्यांच्या सूचना घालून रिस्टोअर खरोखर करून पाहिलं. जिन्याच्या दिव्याचा स्विच निवडला, त्यावर काही अवलंबून नाही. मुद्दाम रीसेट १ दिला, स्विच कोरा झाला, आणि स्क्रिप्ट चालवली.

पहिल्या पायरीलाच अडली. कोऱ्या स्विचला घरचं वायफाय माहीत नसतं. तो स्वतःचंच 'टास्मोटा' नावाचं हॉटस्पॉट उघडून बसतो, पाय त्याला हाका मारत राहतो. कागदावर हे मला ठाऊक होतं, पण स्क्रिप्टमध्ये कुठेच आलं नव्हतं. पुण्यात बसून मी शंभर वेळा स्क्रिप्ट चालवली असती तरी मोटरीचा स्विच परत आला नसता. कुणीतरी त्या स्विचजवळ जाऊन मोबाइल त्याच्या हॉटस्पॉटला जोडावा लागतो, १९२.१६८.४.१ वर घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. त्यानंतर राउटर मॅक ओळखून त्याला जुनाच आयपी देतो, आणि तिथून पुढे स्क्रिप्ट पाहून घेते.

हे काम आईकडून होणार नाही, आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही. गल्लीतच माझी भाची राहते, नववीत आहे. तिला बोलावलं. चार ओळींचा कागद लिहून दिला आणि मी बाजूला बसून राहिलो, काहीच बोललो नाही. दोन ठिकाणी ती थांबली. हॉटस्पॉटला जोडल्यावर मोबाइल 'इंटरनेट नाही' म्हणून स्वतःच परत घरच्या वायफायवर उडी मारतो, तिथे 'तरीही जोडलेलं ठेवा' दाबायचं हे कागदावर नव्हतं. आणि पासवर्डमधला शून्य आणि ओ तिला सारखाच दिसला. पासवर्ड मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला, कागद मीटरच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवला. तिसऱ्या खेपेला तिने हॉटस्पॉटपासून दिवा लागेपर्यंत सगळं चार मिनिटांत केलं.

स्क्रिप्टमध्ये भरण्याचा क्रम आता असा ठेवलाय. मोटरीसारखी यंत्रं असतील तर सगळ्यात आधी पॉवरऑनस्टेट ० (लाईट आल्यावर रिले बंदच राहतो), लगेच पल्सटाइम. हे दोन का आधी ते सांगतो : कोऱ्या टास्मोटात पॉवरऑनस्टेट ३ असतो, म्हणजे लाईट जाण्याआधी रिले ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत तो परत येतो. मोटर चालू असताना लाईट गेली तर लाईट आल्यावर मोटर कुणी न सांगता सुरू होणार. बाकीचं भरता भरता मध्येच लाईट गेली तरी हे दोन आत बसलेले असावेत. मग सेटऑप्शन६५, मग नाव, नियम, टायमर, एमक्यूटीटी. कमांडा बॅकलॉगमध्ये एकत्र पाठवतो, एका वेळी ३० पर्यंतच जातात. नियमांमध्ये मोकळ्या जागा आणि अर्धविराम असतात, ते पत्त्यात जसेच्या तसे टाकले तर तुटतात, कर्ललाच ते सुरक्षित रूपात बदलायला सांगितलं.

भरून झाल्यावर स्क्रिप्ट स्टेटस ० पुन्हा मागवते आणि बॅकअपमधल्या जेसनशी ताडून पाहते. फरक असेल तर ओळ दाखवते. आवृत्तीची आणि आयपीची ओळ आली तर चालतं, पल्सटाइमसाठी तिने वेगळा प्रश्न विचारायचा आणि १९०० उत्तर आल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही.

आणि तेरणा काका, फ्लोट बसवला. गल्लीतले वायरमन काका सोबत होते, टाकीकडे १२ व्होल्टच नेलंय. बोर्डचं अर्थिंग तुटलेलं निघालं, तुम्ही विचारलं नसतं तर कुणी पाहिलंही नसतं. खड्डा पुन्हा करून घेतला.

---

तेरणा · रविवार, रात्री ८:००

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठ दिवसांनी बादलीभर पाणी टाकत जा. आप्पांना सांगून ठेवा, ते विसरणार नाहीत.

---

पूर्णा · रविवार, रात्री ९:२५

तो चार ओळींचा कागद इथे टाकाल का? पासवर्ड सोडून. माझ्या शाळेतल्या मुलींना दाखवायचाय.

---

मांजराकाठ · रविवार, रात्री ९:५०

हो ताई, भाचीने सुधारलेला असा आहे :

स्विचजवळ उभं राहून मोबाइलच्या वायफायमध्ये 'टास्मोटा' ने सुरू होणारं नाव शोधून जोडा. मोबाइल 'इंटरनेट नाही' म्हणाला तर 'तरीही जोडलेलं ठेवा' दाबा.
पान आपोआप उघडलं नाही तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ लिहा.
घरच्या वायफायचं नाव निवडा, पासवर्ड खाली लिहिलाय तसा भरा, सेव्ह दाबा. पासवर्डमध्ये शून्य आहे, ओ नाही.
मामाला फोन करा आणि स्विचचं नाव सांगा.

'मामाला फोन करा' ही ओळ तिनेच घातली. मी पायवर एक बटण करून दिलं होतं, पण ती म्हणाली फोन बरा.

---

मांजराकाठ · पुढचा शुक्रवार, रात्री १०:१०

आज संध्याकाळी लातूरला पुन्हा वारं आणि लाईटची तीच लुकलुक. मी ऑफिसात होतो, टेलिग्रामवर निरोपांची रांग लागली. घरी पोचून मोटरीच्या स्विचचा बूटकाउंट (किती वेळा सुरू झाला तो आकडा) पाहिला, दुपारी २१२ होता तो २२१ झालाय. नऊ वेळा चालू-बंद. पल्सटाइम १९००, पॉवरऑनस्टेट ०, नियम सगळे जागेवर. रात्रीच्या बॅकअपशी ताडून पाहिलं तर फरकाची एकच ओळ आली, तीच बूटकाउंटची.

आईला फोन केला. म्हणाली, "आप्पांनी मोटर लावली की, अर्ध्या तासानं बंद झाली. जेवायला बसलेत, देऊ का फोन?"